आजोबांच्या नावावरचा वाडगा

हागी,
२ जून

प्रिय सेइगोदादा,

तुला आणि कायोवहिनीला नमस्कार. इथे सगळे बरे आहेत. संत्र्याच्या फुलांचा वास आता ओसरलाय, दमट हवेने दुकानातलं मीठ ओलं व्हायला लागलंय आणि आमच्या नवरोबांचं, ताकेहिकोचं, पोट काही केल्या कमी होत नाही. वहिनीचं नववर्षाचं कार्ड दरवर्षी वेळेवर येतं, मीही पाठवते. पण तुझ्या नावाने पत्र मी अठरा वर्षांत लिहिलं नाही. तूही लिहिलं नाहीस, म्हणजे बरोबरी झाली असं मी स्वतःला सांगत आले. तशी ती झालेली नाही, ते पुढे येईलच.

तुला कारखान्यात वॉशबेसिनच्या विभागाचा मुख्य केलं, असं वहिनीने कळवलं होतं. अभिनंदन. आमच्या बंदरावर नवीन प्रतीक्षालय झालंय, तिथल्या बेसिनवर तुमच्या कारखान्याचं नाव दिसलं. मी त्याच्या कडेवरून हात फिरवून पाहिला. मागे रांगेत उभी असलेली बाई म्हणाली, "धुवायचेत ना हात?" साच्यातलं बेसिन, तुझा हात त्यात कुठे सापडणार. तरी पाहिलं.

आता बाबांचं सांगते. एप्रिलमध्ये त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. एकोणऐंशी वर्षांचे आहेत, एकटे कसे राहणार, म्हणून दोन आठवडे आमच्याकडे आणून ठेवले, दुकानाच्या वरच्या खोलीत. येताना कुरकुर, आल्यावर कुरकुर. जिना उभा आहे, भात मऊ आहे, उशीलासुद्धा माशाचा वास येतो. माशाच्या वड्यांचं दुकान आहे बाबा, चाफ्याचा वास कुठून आणू, असं मी म्हटलं तर दोन तास बोलले नाहीत. तुला माहीतच आहेत ते.

डोळ्यावरची पट्टी निघाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली वड्या उकडत होते. वर ताकेहिकोने बाबांना चहा करून दिला. माणूस सोन्यासारखा आहे, पण त्याला चहाचा वाडगा आणि बादली यातला फरक कळत नाही. फळीवरचा हाताला लागला तो वाडगा त्याने घेतला, आणि तो नेमका माझा होता. मी तो कुणाला देत नाही.

थोड्या वेळाने खाली येऊन म्हणाला, "तुझे बाबा बोलत नाहीयेत." मी वर धावले. बाबा खिडकीपाशी बसले होते. चहा संपला होता. वाडगा मांडीवर उपडा घेऊन ते त्याच्या बुडाच्या खाचेवरून बोट फिरवत होते आणि त्यांचे डोळे भरून आले होते.

"मित्सुए," ते म्हणाले, "हा आजोबांच्या हातचा आहे."

दादा, तो वाडगा तू आता पाहायला हवास. भट्टीतून निघाला तेव्हा फिकट होता, पेजेच्या रंगाचा. लग्नानंतर इथे वापरायला काढला तर पहिले तीन महिने पाझरायचा, टेबलावर ओलं वर्तुळ उमटायचं. मी खाली फडकं ठेवायचे. मग पाझर थांबला, आणि चहा झिलईच्या बारीक चिरांमधून आत मुरत गेला. आज त्याचा आतला रंग पिकलेल्या लोकाटाच्या फळासारखा, पिवळा-केशरी आहे. मी जिथे ओठ लावते तिथे कडेला गुलाबी छटा आली आहे. ती पहिली सहा वर्षं नव्हती, एका हिवाळ्यात अचानक दिसली. एका बाजूला अंगठ्याचा हलकासा दाब आहे, माझा डावा अंगठा बरोबर तिथे बसतो. दिसतो जड, उचलावा तर हलका. आणि बुडाची ती खाच! एकाच झटक्यात कापलेली, पुन्हा हात न लावता. दिवसभर उभं राहून पाय दुखून आले की मी त्यात हिरव्या चहाची पूड घुसळते, दहा मिनिटं कुणाशी बोलत नाही, आणि माणसात येते. चहाच्या कार्यक्रमांना जाऊन मी मोठमोठ्यांचे वाडगे हातात घेतलेत. एकाचाही मला हेवा वाटला नाही.

तुला एव्हाना कळलं असेल. हो, तो तुझा आहे. त्या भट्टीतला. चाळीसातला एक उरला होता.

बाबांना मात्र शंकासुद्धा आली नाही. इतका मुरलेला वाडगा म्हणजे पन्नास वर्षांचा तरी असणार, आणि तो हात आजोबांचाच, हे त्यांनी धरूनच टाकलं. आजोबांनी तो माझ्या सासरच्यांना कधीतरी माशाच्या बदल्यात दिला असणार, असा इतिहासही त्यांनी जागच्या जागी रचला. ताकेहिको म्हणाला, असेल बुवा, आमच्या घरात जुनं काय काय पडलंय. मी गप्प बसले. मला गप्प बसायची सवय आहे.

तिथून गाडी थांबेचना. या महिन्याच्या एकवीस तारखेला आजोबांचं तेहतिसाव्या वर्षाचं श्राद्ध आहे. त्यानंतरच्या चहाला हाच वाडगा वापरायचा, असं बाबांनी ओगावाराबाईंना सांगून टाकलं. त्या चहाचा विधी शिकवणाऱ्या बाई, ज्यांना तू उंट म्हणायचास, अजून तशाच मान उंच करून चालतात. त्यांनी वाडगा हातात घेतला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही. मग बाबांनी त्याच्यासाठी लाकडी पेटी करायला टाकली. झाकणावर स्वतः लिहिणार होते: घराण्याच्या तिसऱ्या पिढीच्या हातचा, चौथ्याने ओळखला. आठवडाभर जुन्या वर्तमानपत्रांवर अक्षर गिरवत होते. बंदरावर ज्याला त्याला सांगत सुटले. मी त्यांना इतकं खुशीत कधी पाहिलं नव्हतं.

एकदा जेवताना म्हणाले, "मला तो हात आला नाही. साठ वर्षं चाक फिरवलं, पण नाही आला. वडिलांबरोबर गेला तो." लोणचं वाढ म्हणावं इतक्या सहज म्हणाले. मी ताट तसंच ठेवून पाणी आणायला उठले.

कारण तो हात कुठे गेला ते मला माहीत होतं. मी बोलले नाही, तर तुझा वाडगा कायमचा आजोबांच्या नावावर जाणार होता. त्या लाकडात शाई मुरली की रंधा मारल्याशिवाय निघत नाही. आणि बोलले, तर बाबा पुढचा प्रश्न विचारणार: तुझ्याकडे कसा आला?

दादा, आता ते लिहिते. तीन दिवस याच ओळीपाशी येऊन थांबत होते.

बाबांनी तुला भट्टीची शेवटची खोली, चाळीस वाडग्यांची, पहिल्यांदा पूर्ण दिली होती. जाळ संपला, तोंडं विटांनी बंद केली, आणि पाच दिवस कुणी हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही दोघं माती आणायला गेलात. मी भट्टीपाशी गेले. मला सगळ्यांच्या आधी पाहायचं होतं. चांगले निघालेत हे बाबांच्या आधी मला तुला सांगायचं होतं, तू दहा दिवस जेवला नव्हतास धड. मी तुझ्या खोलीच्या दोन विटा काढल्या. आतून टिणटिण आवाज यायला लागला. आपण लहानपणापासून ऐकतो ना, झिलईला चिरा पडताना वाडगे गातात, तसा. मला वाटलं, तुझे वाडगे गातायत. मी तिथे उभी राहून ऐकत राहिले. किती वेळ ते मलाच आठवत नाही, खूप आनंदात होते. समुद्राकडून वारा येत होता. मग विटा परत लावून, वरून माती लिंपून घरी आले.

तो आवाज झिलईचा नव्हता, गार वारा आत शिरून वाडगे तडकत होते.

पाचव्या दिवशी काय झालं ते तुला माहीत आहे. तू उतावळा, म्हणून तूच उघडली असणार, असं बाबांनी ठरवलं. तू म्हणालास, मी उघडली नाही. मी दाराआड होते. बाबा एकेक वाडगा दगडावर आपटत होते, आणि अगदी मागच्या कोपऱ्यातला, वारा न लागलेला एक मी आधीच एप्रनखाली घेतला होता. तेवढं धैर्य होतं माझ्यात, बोलायचं नव्हतं. आठवड्याने तू गेलास. आज सांगू, उद्या सांगू करत माझं लग्न झालं आणि मग सांगायला फार उशीर झाला असं वाटायला लागलं. रोज तुझ्या वाडग्यातून चहा पीत होते आणि रोज गप्प होते.

गेल्या मंगळवारी पेटी आली. मी वाडगा घेऊन बाबांकडे गेले, तेव्हा ते शाई उगाळत होते. मी बसले आणि म्हटलं, "बाबा, हा आजोबांचा नाही. दादाचा आहे."

"कुठला दादा?" ते म्हणाले. त्यांना खरंच कळलं नाही. तुझं नाव त्या घरात इतकी वर्षं कुणी काढलेलं नव्हतं.

मी सगळं सांगितलं. त्यांचा शाई उगाळणारा हात थांबला नाही. मग विचारलं, "किती विटा?"

"दोन."

"कितव्या दिवशी?"

"दुसऱ्या."

मी वाट पाहत होते की आता दगडावर मलाच आपटतील. ते म्हणाले, "तो मला म्हणाला होता, मी उघडली नाही म्हणून. दोनदा म्हणाला होता." एवढंच. मग वाडगा मागितला, उपडा केला, खिडकीपाशी नेऊन नव्या डोळ्यांनी पुन्हा ती खाच पाहिली. मला वाटलं, आता त्यात काहीतरी खोट काढतील. त्यांनी काढली नाही.

"माझ्या शेजारच्या चाकावर बसायचा," ते म्हणाले, "आणि मी त्याला म्हणायचो, आजोबांची नक्कल करू नकोस. ती नक्कल नव्हती गं." मग त्यांना रडू आलं, अगदी आवाज करून. मी बाबांना तसं कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्या पाठीवर हात ठेवायचा की नाही हेही मला कळेना. ठेवला.

झाकण कोरंच आहे. मी म्हटलं, तुम्ही लिहा, पाचव्याच्या हातचा म्हणून. तर मला रागावले. कर्ता जिवंत असताना त्याच्या पेटीवर दुसऱ्याने लिहायचं नसतं, एवढंही तुला कळू नये, म्हणाले. एकवीस तारखेला चहा याच वाडग्यात होणार, तेवढं मात्र ओगावाराबाईंना पुन्हा कळवलंय. वाडगा कुणाचा तेही सांगितलं. ते सांगायला बाबा स्वतः चालत गेले होते.

काल त्यांनी झाकण कापडात बांधून माझ्याकडे दिलं. म्हणाले, टपालाने पाठव त्याला, लिहून परत पाठवेल. माझ्याकडे पाहत नव्हते. तुला ये म्हणायची त्यांना हिंमत नाही, ते मला समजतं. त्या घरात हिंमत नसणाऱ्यांत मी सर्वांत जुनी.

म्हणून मी झाकण पाठवत नाही. ते इथेच आहे. रागावून ये, माझ्याशी एक शब्द न बोलता ये, लिही आणि लगेच परत जा, तरी चालेल. पण तुझं नाव तू इथे, बाबांच्या समोर बसून लिही.

तुला अजून चालत असेल तर,
तुझी बहीण
मित्सुए