डबीवरचं नाव

५ जानेवारी

नाव हवंय! प्रदर्शनवाल्या बाईंचा फोन — "स्टॉलवर पाटी लावायची. तुमच्या धंद्याला काही नाव असेलच ना?" नाहीये. आजवर 'ती कानातली करते ती' एवढ्यावर भागलं. महिनाअखेरपर्यंत कळवायचंय.

८ जानेवारी

जेवताना विषय काढला. चूक केली. वहिनीने सुचवलं, "'तारमणी' कसं वाटतं?" मला आवडलं. दादाने हात धुतले आणि निकाल देऊन टाकला — "आईचं नाव. त्यात विचार कसला?"

त्यात विचार कसला!

९ जानेवारी

काम झालं नाही. तार वाकवायला घेतली की तुटते.

१२ जानेवारी

आईची खोली. आईचा पलंग. आईच्या खिडकीशी माझं टेबल. ती जाऊन वर्ष होत आलं तरी खोली 'आईची'च. मी आपली राखणीला ठेवल्यासारखी.

ती अंथरुणाला खिळली तेव्हा माझी नोकरी सुटली, ठरत आलेलं लग्न राहिलं. कुणी सोड म्हटलं नव्हतं. "तूच आहेस म्हणून निभतंय," एवढंच म्हणायचे सगळे. त्या कौतुकाला बाहेरून कडी होती!

माया नव्हती असं नाही. होती. पण मणी आणि पक्कड, एवढंच काय ते माझं होतं. तिला ते आवडायचंही नाही. "पोरखेळ" म्हणायची. आता त्याच पोरखेळावर तिचं नाव.

१५ जानेवारी

दादाला विचारलं, दुसरं काही बघू या का? चिडला असता तर बरं! डोळ्यांत पाणी आणलं. "आईच्या नावाला नको म्हणतेस? तू?"

म्हटलं, नाही रे, तसं नाही.

तसंच होतं.

२१ जानेवारी

दादा कानातल्यांसाठी डब्या छापून घेऊन आला. न सांगता! झाकणावर सोनेरी अक्षरांत आईचं नाव. लहान मुलासारखा माझ्या तोंडाकडे बघत उभा. वहिनीने एक डबी उघडली, मिटली, आणि आत जाऊन भांडी दणादणा घासायला लागली.

मी "छान आहेत" म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

२४ जानेवारी

अनोळखी बाईंचा फोन. दादाने कुणाकुणाला नंबर दिलाय देव जाणे. त्यांनी आईचं नाव घेतलं — "त्याच बोलताय ना?"

तोंडातून "हो" गेलं!

पुढचं बोलणं आठवत नाही. फोन ठेवून आरशात बघून आले. वेडेपणा. पण बघून आले खरी.

२५ जानेवारी

वहिनी भाजी निवडत होती. कालचं सांगितलं. वाटलं, हसेल. हसली नाही. म्हणाली, "वन्सं, तुमच्या दादांना वाईट वाटेल. वाटू दे. वाईट वाटून कुणी मरत नाही."

"आणि मेला तर?"

"मग दुकानाला त्यांचं नाव देऊ."

दोघी हसलो. नंतर मला रडूच आलं. तिने भाजीचं ताट बाजूला सरकवलं आणि माझ्याजवळ येऊन बसली.

२७ जानेवारी

प्रदर्शनवाल्या बाईंना नाव कळवलं. माझं. नुसतं, आडनावाशिवाय. जेवायला बसल्यावर दादाला सांगितलं.

तो पानावरून उठला.

मी जेवले.