पाचव्या टप्प्यात, मागे एक

३ एप्रिल
शेवटचं खोकं आज उघडलं. आता मी वेस्टरडीनची. बत्तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात बटाटे उकडल्यावर स्वतःची एक शेगडी, एक खुर्ची आणि पुस्तकांना दोन फळ्या, एवढं मला पुष्कळ आहे. मागच्या खिडकीतून टेकडी दिसते. वरचं गवत अजून पिवळट आहे आणि मेंढ्यांनी उकरलंय तिथे खालचा खडूचा दगड दातासारखा पांढरा उघडा पडलाय.

माझा नवरा विल्फ असता तर त्याने आधी प्रत्येक खिडकीची पुट्टी अंगठ्याने दाबून पाहिली असती. काचा बसवायचं काम त्याचं. मग पेपरमिंटची गोळी तोंडात टाकून, दोनदा खोकून म्हणाला असता, म्हातारे, चहा टाकलास का. मी बावीस वर्षांची होते तेव्हापासून तो मला म्हातारे म्हणायचा. खरी म्हातारी झाले तेव्हा म्हणायला राहिला नाही. फेब्रुवारीत सहा वर्षं झाली. त्याचं जाकीट सोबत आणलं, दारामागच्या खुंटीला टांगलंय. आमच्या लेकीच्या, रोझलिनच्या पोटात तेव्हा टॅम्सिन होती. नातीचं नावसुद्धा त्याला कळलं नाही.

शेजारच्या नोरा टपेन रुबार्बची जुडी घेऊन आल्या आणि माझ्या फळ्यांकडे बघून म्हणाल्या की एवढी पुस्तकं वाचणाऱ्या बाईला फुलपाखरं नक्की मोजता येतील. गावाची मोजणी त्यांच्याकडे असते. टेकडीवर मोजायला जाणारे व्हेरल थकून वृद्धाश्रमात गेले, तेव्हापासून पायवाट रिकामी आहे. मी हो म्हटलं. नाही म्हणायला काही कारणच नव्हतं.

१० एप्रिल
नोराबाईंबरोबर पहिली फेरी. ऊन हवं, वारा नको, वेळ अकरा ते साडेतीन. पायवाटेचे सात टप्पे, खुंट्यांवर आकडे. एकाच चालीने चालायचं. समोर पाच मीटर आणि दोन्ही बाजूंना अडीच-अडीच, एवढ्या चौकटीत जे दिसेल तेच मोजायचं. थांबायचं नाही, परत फिरायचं नाही, आणि मागे गेलेलं मोजायचं नाही, नाहीतर तेच फुलपाखरू दोनदा मोजलं जातं. सप्टेंबरअखेरपर्यंत दर आठवड्याला एक फेरी, एकूण सव्वीस.

आज गंधकी पिवळी ब्रिमस्टोन चार, मोरपिसाच्या डोळ्यांचं एक. मला इतका आनंद झाला की घरी येऊन मी स्वतःशीच हसले.

१६ मे
व्हेरल यांचे जुने तक्ते नोराबाईंनी आणून दिले. अक्षर मोत्यासारखं. प्रत्येक तक्त्यावर पाचव्या टप्प्याच्या बाजूला पेन्सिलीने एक जास्तीचा रकाना आखलाय. वर लिहिलंय 'मागे', खाली १. पुढच्या आठवड्यात १. असं आठ वर्षं. मग एका सप्टेंबरपासून ० आणि पुढे सगळी शून्यंच. नोराबाई म्हणाल्या, एकटा माणूस, डोकं जरा फिरलेलं, एखादी मेंढी मागे लागत असेल, तिचाही हिशेब ठेवला बिचाऱ्याने.

पाचवा टप्पा म्हणजे टेकडीच्या कुशीतली खोलगट जागा. वारा तिथे पोचत नाही. ओव्यासारख्या वासाचं जांभळं झुडूप आणि मुंग्यांची गवताने मढलेली वारुळं.

५ जून
नोराबाईंकडे चहाला. त्यांनी मोठ्या निळ्या फुलपाखराची गोष्ट सांगितली. आपल्या टेकडीवरून ते केव्हाच नाहीसं झालं. त्याची अळी झुडपावरून खाली पडते आणि मुंगी येईपर्यंत स्वस्थ पडून राहते. तिला मुंग्यांच्या पिलांचा वास असतो, त्यामुळे मुंगीला वाटतं आपलंच लेकरू हरवलंय. ती उचलून घरी नेते. आत अळी राणीमुंगीसारखा आवाज काढते, मुंग्या तिचे लाड करतात, आणि ती मुंग्यांची पिल्लं खात दहा महिने वाढते. अन्न कमी पडलं तर मुंग्या स्वतः आपली पिल्लं तिला खाऊ घालतात. मी विचारलं, मुंग्यांना कळत नाही का? नोराबाई स्कोनला लोणी लावत म्हणाल्या, "कळत असेल हो. पण आवाज घरातला असतो ना."

२१ जून
पाचव्या टप्प्यात पेपरमिंटचा वास आला. ओल्या पुट्टीचाही. मग मागून दोनदा खोकणं.

मी थांबले नाही. नियम आहे म्हणून नाही. वळले आणि तिथे कुणी नसलं तर काय, याची भीती वाटली. निळी सहा, तपकिरी अकरा. घरी येऊन तक्ता भरला आणि पेन्सिलीने एक रकाना आखला. मागे, १.

५ जुलै
पुन्हा. तिसरा आठवडा. मी जितकी पावलं टाकते तितकीच मागून. डावा पाय जरासा घासत, शिडीवरून पडल्यानंतर तो चालायचा तसा.

सहा वर्षं मी कुणासमोर रडले नाही. रोझलिनला वाटतं आई खंबीर आहे. मी खंबीर नाही. सवय झाली आहे, एवढंच. आज सातव्या खुंटीशी पोचल्यावर समोर गावातली छपरं दिसली आणि मी मागे न बघता म्हणाले, चल घरी.

१२ जुलै
तो घरात आहे. दिवसाच असतो, ऊन आत आलं की. मी ओट्याशी असले की मागच्या खुर्चीत, मी खुर्चीत असले की दाराशी. नेहमी पाठीमागे. दुपारी दोन कप भरते. दुसरा रिकामा होतो. काल किपर मासळी तळली, दोन ताटं वाढली. नोराबाई कुंपणावरून म्हणाल्या, गालांवर रंग चढलाय, कोणी भेटलंय की काय पेलिंगबाई. मी लाजले. या वयात.

२ ऑगस्ट
आज वळले.

पाचव्या टप्प्यात, बारा वाजता, लख्ख उन्हात. निळी फुलपाखरं हवेत बसली होती. उडत नव्हती. बसली होती, घामावर बसतात तशी, पंख मिटून, सोंडा लांबवून. खांद्यांची रेघ, डोकं, एक हात. खाली काहीच नाही. त्यांच्या मधल्या फटींतून पलीकडचं गवत दिसत होतं. मी मोजली. मोजल्याशिवाय राहवेना. त्रेचाळीस.

मग तो हात जरासा वर झाला आणि त्यावरची नऊ उडाली.

९ ऑगस्ट
आज तो पहिल्यांदा बोलला. मी मटार सोलत होते. विल्फचाच आवाज. विचारलं, टॅम कधी येणार.

विल्फला टॅम ठाऊकच नाही. ती जन्मली तेव्हा तो चार महिने मातीत होता. मी तसं म्हटलं. तो दोनदा खोकला आणि पुन्हा तेच. टॅम कधी येणार.

मी मटार सोलत राहिले. लाज वाटते लिहायला. माझ्या मनात आलं ते असं: विचारू दे, पण बोलू दे.

१४ ऑगस्ट
रोझलिनचा रेडिंगहून फोन. म्हणाली, आई, तुझी तिन्ही पत्रं मिळाली, किती गोड लिहिलंस, टॅम्सिनला घेऊन सप्टेंबरअखेर येतो.

मी एकही पत्र लिहिलेलं नाही.

फोन ठेवून ही वही तपासली. जुलैतली तीन पानं फाडलेली आहेत, पट्टी लावून सरळ. मी फाडते तशी.

२० ऑगस्ट
बसने वृद्धाश्रमात गेले. व्हेरल बागेत बाकावर होते, मांडीवर घोंगडी. मी पाचवा टप्पा म्हटल्याबरोबर त्यांनी विचारलं, "घरी आणलंत?"

मी मानेनेच हो म्हटलं.

त्यांनी मांडीवरची घोंगडी सारखी केली. मग बोलले ते असं. आठ वर्षं त्यांची वारलेली बायको मागे चालली. ते सुखी होते. मग मुलीची मुलगी, ग्रेस, सात वर्षांची, सप्टेंबरात राहायला आली. दोन दिवस झोपून होती. उठली. त्या दिवसापासून मागे शून्य. मी विचारलं, ग्रेस गेली का? म्हणाले, गेली असती तर तिच्या कबरीवर फुलं तरी ठेवली असती. ती दर रविवारी येते. आता अठरा वर्षांची आहे. माझ्या बायकोच्या आवाजात माझी चौकशी करते, माझी कॉलर नीट करते. मी मान वर करत नाही.

निघताना माझी बाही धरून म्हणाले, "मोठ्यांना ते काही करत नाही. मोठे लागतात ते उचलून न्यायला."

२३ ऑगस्ट
त्याला परत सोडायला गेले. पाचव्या टप्प्यात उभी राहून म्हटलं, राहा इथेच, माझं तुझं काही नाही. खूप बोलले. घसा बसला. खाली आले. किटली ठेवली. मागे खुर्ची कुरकुरली.

३ सप्टेंबर
रोझलिनला लिहिलं, येऊ नका. पेटीत टाकलं. पत्र पडल्याचा आवाज ऐकला. संध्याकाळी ते माझ्या ॲप्रनच्या खिशात होतं. तिकीट लावलेलं.

४ सप्टेंबर
फोन केला. ठरवून, कागदावर लिहून. येऊ नका, येऊ नका, येऊ नका. रोझलिनने उचलला. मी म्हणाले, लवकर या, हवा छान आहे.

माझ्याच तोंडून. कागद हातात असताना.

११ सप्टेंबर
नोराबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी माझे हात हातात घेतले. म्हणाल्या, नवरा जाऊन सहा वर्षं झाली तरी असं होतं. डॉक्टरांकडे जाऊन या. सूप आणून दिलं.

मोजणी कमी होत चालली. निळी दोन. मागे, १.

१९ सप्टेंबर
दिवसभर तेच. टॅम कधी येणार. टॅम कधी येणार. मी कानात कापूस घातला. आवाज कापसाच्या आत.

पण तोच आवाज. देवा, तोच आवाज. नवीन असता तर कुऱ्हाड घेतली असती—

२७ सप्टेंबर
आल्या. टॅम्सिनने दारातच विचारलं, गोळीचा वास कसला. माझ्या मागे बघून हसली.

मी ओरडले. परत जा, आत्ता, आल्या पावली. रोझलिन रडली. म्हणाली, आई, तूच बोलावलंस ना. आज गाडी नाही. उद्या सकाळची बस. मी टॅम्सिनला माझ्या आणि भिंतीच्या मध्ये ठेवलं. झोपणार नाही. तिला झोपू देणार नाही—

२८ सप्टेंबर, सकाळ
गेल्या. बसमध्ये चढताना पाहिलं. बस वळणापलीकडे जाईपर्यंत उभी होते. थांब्यावर गारठा होता, पोर कुडकुडत होती, तिला गुंडाळलं आणि रोझलिनच्या हाती दिलं. रोझलिनने माझ्याकडे पाहिलं नाही. चालेल. जन्मभर बोलली नाही तरी चालेल. पोर वाचली.

आता शेवटची फेरी. त्याला सांगते की इथे कुणी नाही.

दुपार, वर
पाचवा टप्पा. वास नाही. पावलं नाहीत. वळले. गवत. उभी राहून रडले, सुटले म्हणून.

तक्ता भरला. निळी, ०. मागे—

मागे, ०.

व्हेरल यांचा तक्ता. ग्रेसनंतर शून्य.

थांब्यावर तिला कशात गुंडाळलं? मी शाल नेली नव्हती. निघताना दारामागच्या खुंटीवरून काय ओढलं ते न बघता— विल्फचं जाकीट. खिशात त्याच्या गोळ्या. मी माझ्या हाताने बटणं लावली. वरपर्यंत. म्हटलं, काढू नकोस हं—

३.१०
धावत आले. फोन लावला. वाजतोय. कुणी नाही. गाडीत असतील.

३.४०
वाजतोय.

४.२५
रोझलिन. पोचलो, म्हणाली, तुटक. टॅम्सिन गाडीभर झोपली. अजून झोपलीय. उठव, म्हटलं. जाकीट काढ, जाळ, तिला उठव. शब्द आले या वेळी, सगळे आले, अडवायला मागे कुणी नव्हतं. ती म्हणाली, आई, तुला बरं नाही. मी विनवण्या केल्या. बरं, बघते, म्हणाली.

रिसीव्हर बाजूला ठेवलाय तिने. कानाशी धरून लिहितेय. जिना चढली. दार. टॅम, टॅम, बाळा.

उठली. ऐकू येतंय. रोझलिन हसतेय. म्हणतेय, आजीशी बोल.

पावलं उतरतात. हलकी. एक पाय घासत—

दोनदा खोकली.

लहान मुलीचा आवाज. म्हातारे, चहा टाकलास का.

मी ठेवून द्यायला हवा. ओरडायला हवं, रोझलिन, ती नाही, ती— पण किती दिवसांनी समोरून, मागून नाही, कानात— मी हो म्हटलं. मी हो म्हटलं, आणि माझा हात किटलीकडे