सोबतीच्या रकान्यातील ‘पत्नी’ हा शब्द खोडण्याबाबत

प्रति,
मा. प्रकल्प समन्वयक,
वृद्ध स्मृतिभ्रंश प्रतिबंध व देखभाल संशोधन कक्ष,
दुसरा मजला, लिफ्टसमोर.

विषय : सहभागीसोबत येणाऱ्या व्यक्तीचे नाते ‘पत्नी’ऐवजी ‘देखभालीची बाई’ असे नोंदवण्याबाबत.

संदर्भ : १) सहभागीचे नाव कमी करण्याबाबत आपल्या कक्षाची नोटीस.
२) काउंटरवरील बाईंनी दिलेला तोंडी सल्ला.

महोदय,

वरील विषयास अनुसरून अर्ज करते की, माझे पती व्यवसायाने शिंपी असून आपल्या संशोधनात सुरुवातीला प्रतिबंध गटात होते. प्रतिबंध न झाल्यामुळे त्यांना देखभाल गटात वर्ग करण्यात आले. त्याबद्दल माझी तक्रार नाही. दुसऱ्या कोणाचा तरी झाला असेल.

२. देखभाल गटाच्या नियमानुसार तपासणीच्या वेळी सहभागीने सोबतच्या व्यक्तीचे नाते स्वतःच्या तोंडाने सांगावे लागते व ते नोंदीशी जुळावे लागते. नियम योग्यच आहे. कोणीही कोणाला धरून आणू नये. पूर्वी ते माझ्याकडे बोट करून ‘ही आमची’ एवढेच म्हणत आणि ते चालून जाई. मागील दोन्ही तपासण्यांत मात्र त्यांनी, या बाई दवाखान्यातून येतात, स्वभावाने बऱ्या आहेत, असे सांगितले. नाते न जुळल्याने आम्हाला परत पाठवण्यात आले. पुन्हा तसे झाल्यास नाव कमी होईल, असे नोटिशीत म्हटले आहे.

३. दुसऱ्या तपासणीच्या वेळी मी लग्नाचा फोटो हजर केला. तो पाहून त्यांनी ‘ही माझी बायको’ असे लगेच ओळखले, आणि ती व मी वेगळ्या असल्याचेही सांगितले. समुपदेशक बाईंनी कशावरून असे विचारले असता त्यांनी गळ्यातला टेप काढून सर्वांसमक्ष माझा खांदा मोजला व म्हणाले, “माझ्या बायकोचा खांदा चौदा इंच. जन्मभर तिचे कपडे मीच शिवलेत. यांचा तेरा भरतोय. उगाच कुणालाही माझ्या गळ्यात मारू नका.”

घरी गेल्यावर मी आरशासमोर उभी राहून पुन्हा मोजला. तेराच भरला. वयाने माणूस आकसतो हे माहीत होते, पण कोणी मोजले नव्हते. मापाच्या बाबतीत त्यांचा शब्द गिऱ्हाइकांनीही कधी खाली पडू दिला नाही, त्यामुळे मला हरकत घेता आली नाही.

४. नाव कमी झाल्यास त्यांचा आपल्याकडील दुपारचा वर्ग बंद होईल. तिथे ते काज करतात, बटणे लावतात, शेजारच्याची कॉलर वाकडी आहे म्हणून त्याला टोमणे मारतात आणि ताटातले सगळे संपवतात. घरी ते खुर्चीत बसतात व जेवण कोणासाठी आणले असे विचारतात. वर्ग चालू असताना मी बाहेरच्या बाकावर डोळे मिटून बसते. हाही फायदा लपवून ठेवणे बरे वाटत नाही.

५. काउंटरवरील बाईंनी मार्ग सुचवला की पगारी बाई सोबत आल्यास चालते, मात्र निकटच्या नातेवाइकाची हरकत नसल्याचे पत्र लागते. निकटची नातेवाईक मीच असल्याने, मला नेमण्यास माझी हरकत नाही असे पत्र मी लिहून दिले आहे. बाईची वर्तणूक चांगली असल्याचेही मीच प्रमाणित केले आहे. पगार निरंक. दोन्ही सह्या एकसारख्या दिसतील, त्याबद्दल शंका घेऊ नये.

घरातही मी तशी सवय लावून घेतली आहे. दार वाजवून आत जाते. ‘अहो’ न म्हणता ‘साहेब’ म्हणते. तेव्हापासून ते नखे कापू देतात. मला वाईट वाटते का, असे समुपदेशक बाईंनी विचारले होते. वाटत असावे. सध्या हात-पाय चालतात, बाकीचे काही जाणवत नाही.

६. एक अडचण उरते. नव्या नोंदीत सहभागीची पत्नी हयात, मयत की विभक्त, यापैकी एकावर खूण करायची आहे. हयात म्हटले तर ती सोबत का येत नाही याचा खुलासा मागतील, सबब मयत करून मोकळ्या व्हा, असे काउंटरवरील बाईंचे म्हणणे पडले. त्या माझ्या भल्याचेच सांगत होत्या. मी पेन टेकवले, पण खूण झाली नाही.

काल जिना उतरताना मी त्यांचा हात धरला होता. शेवटच्या पायरीवर त्यांनी तो हळूच सोडवून घेतला आणि म्हणाले, “बाई, आता हात सोडा. माझी बायको यायची वेळ झाली. तिनं बघितलं तर तिला वाईट वाटेल.”

तरी त्या रकान्यात तिन्ही पर्याय खोडून ‘येणार आहे’ असे लिहिण्याची परवानगी मिळावी, ही विनंती.

सोबत : १) नोटिशीची प्रत
२) अर्जदाराने अर्जदारास दिलेले ना-हरकत पत्र
३) वर्तणुकीचा दाखला

दिनांक : नोटिशीच्या मुदतीत

आपली नम्र,
(सही)
सहभागीची पत्नी,
अर्ज मंजूर होईपर्यंत