उघडा कोड, झाकलेला कान

३ मार्च, सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी कॉम्प्युटरवर. कंपन्यांच्या ॲपवर आपला काडीचा विश्वास नाही. हे सॉफ्टवेअर ओपन सोर्स आहे. आतला कोड कुणीही वाचावा! चोरी करायची असती तर दार असं सताड उघडं ठेवलं असतं का? बायको आणि मुलगी, दोघींचेही ईमेल त्यांच्या सदस्य-यादीत घालून टाकले. प्रायव्हसीची सुरुवात घरापासून.

४ मार्च
मुलीने विचारलं, कोड तपासला कुणी? म्हटलं, जगभर लोक डोळ्यांत तेल घालून बसलेत. म्हणाली, बाबा, त्यांनाही असंच वाटत असेल. उद्धट कार्टी. रोज हजार ओळी स्वतः वाचायचं ठरवलं.

५ मार्च
अकरा ओळी वाचल्या. संशयास्पद काही नाही. बाकीच्या त्याच वळणाच्या दिसतात.

९ मार्च
आता बिनधास्त लिहितो. डावा कान कामातून गेलाय. डॉक्टर म्हणतात, मशीन लावा. मशीन लावलं तर साहेब मला चौकशीच्या खिडकीवरून उचलून रेकॉर्ड रूममध्ये टाकतील. हिला वाटतं, मी मुद्दाम लक्ष देत नाही. दोन वर्षं भांडतेय. भांडू दे. तिने कीव केलेली मला सोसणार नाही.

१४ मार्च
रोजनिशीची फाइल उघडेना. त्यांच्या तक्रारींच्या पानावर लिहिलं. तासाभरात एका स्वयंसेवकाने बिघडलेल्या फाइलचा नमुना मागितला. कंपनीवाले करतील एवढं? अख्खी रोजनिशी जोडली. बिचाऱ्याला त्रास नको म्हणून खाली पासवर्डही दिला.

१५ मार्च, दुपार
फाइल दुरुस्त! स्वयंसेवकाने कळवलं, हे पान सगळ्यांना दिसतं, फाइल ताबडतोब काढा. काढली. पण प्रत्येक तक्रारीची प्रत सदस्यांना मेलने आपोआप जाते म्हणे. सदस्य तीनशे बारा. त्यातल्या तीनशे दहांना मराठी येत नसणार.

१६ मार्च
ही मेल कधी उघडत नाही. काळजीचं कारण नाही.

१७ मार्च
जेवताना ही नेहमीची खुर्ची सोडून माझ्या उजवीकडे येऊन बसली. हळूच विचारलं, दोन वर्षं मला उगाच का ओरडायला लावलंत? शब्द न् शब्द ऐकू आला. मुलगी ताटात बघत म्हणाली, सॉफ्टवेअरने काही फोडलं नाही हं, बाबा.

उद्यापासून रोजनिशी वहीत. वही कपाटात, कपाटाला कुलूप.

किल्ली हिच्याकडे असते.