सख्ख्या धाग्यांची जोडी

६ जुलै
आमचा वसंता जिन्यावर पुन्हा पडला. उठताना आधी जमिनीवर हात, मग गुडघ्यांवर, मग मांड्यांवर, असा स्वतःच्याच अंगावर चढत उभा राहिला. त्याची थोरली बहीण कुसुम वारली, त्याच्या आधीच्या वर्षी अशीच उठायची. त्याच्या आईने, इंदूने पाहिलं, मी पाहिलं.

१० जुलै
सिकंदराबादेस, छावणीतल्या डॉक्टरकडे. गुडघ्यावर हातोडी मारली. पाय हलला नाही. "पहिली मुलगीही अशीच गेली?" हो. "बायको नात्यातली?" सख्ख्या मामाची मुलगी. त्याने पेन खाली ठेवलं. औषध नाही म्हणाला. परतताना वसंता टांग्याच्या घोड्याशी गप्पा मारत होता.

१३ जुलै
कॉलेज. डोकं दुसरीकडे लागावं म्हणून प्रयोगाच्या बशा काढल्या. मोठ्या अळंबीच्या डोक्यावर उगवून तिलाच खाणारी आमची पांढरी कुत्र्याची छत्री. एकाच छत्रीचे बीजाणू, प्रत्येकातून फुटलेला धागा वेगळ्या काचेच्या बशीत. एकटा धागा मोठीला काही करत नाही. दोन जुळले की खातात. भावंडाभावंडांच्या जोड्या लावल्या. बघू.

२१ जुलै
आईने जाहीर केलं, बापूला सुशी करायची. बापू माझा धाकटा भाऊ, सुशी इंदूची धाकटी बहीण. मामा अंबरपेठेहून पेढे घेऊन आला. बापू कानापर्यंत लाल. दोघांचं मन आहे, सगळ्या घराला ठाऊक. इंदू तेवढी आत जाऊन बसली.

२९ जुलै
बऱ्याच जोड्या मोठीवर चढल्या. काही नाही चढल्या. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर जुळल्यात नीट, पण पकडच नाही. जागच्या जागी वाळतात. एकेकटे होते तेव्हा हेच धागे धडधाकट. काहीतरी चुकलं असेल. पुन्हा लावल्या.

७ ऑगस्ट
पुन्हा तेच. त्याच जोड्या.
शेजारच्या टेबलावरच्या रशीदने मागे मौलाअलीच्या टेकडीकडून दुसरी छत्री आणून दिली होती. त्या परक्या धाग्याशी जोडले तर हेच दुबळे मोठीला फस्त करतात. म्हणजे उणीव दोन्हीकडून यावी लागते. एकीकडूनच आली तर झाकलेली राहते.
रशीद खूष. "मियाँ, ये तो छापने की चीज है!" मग माझं तोंड पाहून, "क्या हुआ? घर में खैरियत?"
मी बशा झाकल्या. इंदूची आजी तीच माझी आजी.

१२ ऑगस्ट
आई शेजारणीला म्हणाली, इंदूला ऐकू जाईल अशा आवाजात, "हिच्या कुशीतच काहीतरी आहे." मी म्हटलं, माझ्यातही आहे. आई हसली. "पुरुषात कुठं असतं रे?"
इंदू दिवसभर जेवली नाही.

१५ ऑगस्ट
बापूला कचेरीतून बाहेर बोलावलं. सगळं सांगितलं. तुझ्यात असेलच असं नाही, सुशीत असेलच असं नाही, पण असलं तर…
"दादा, कुत्र्याच्या छत्र्या दाखवून तू माझं लग्न मोडायला निघालास?"
मग तोच हळू आवाजात, "वहिनीला सांगितलंस हे?" नाही. "आधी तिला सांग."

१९ ऑगस्ट
वसंता जिना चढतच नाही आता. उचलून न्यावं लागतं. गौलीगुड्यातल्या मारुतीपुढे उभा राहिलो, मी, जो कधी जात नाही. काय मागावं सुचेना. मामा मुहूर्ताचं विचारून गेला म्हणे. बशांकडे फिरकलो नाही.

२३ ऑगस्ट
दुपारी सांगितलं. इंदू अंबाड्याची भाजी निवडत होती. म्हटलं, दोघांकडून आलंय, तुझा एकटीचा दोष नाही. हात थांबले.
"म्हणजे आपलं लग्नच…"
निवडलेला पाला टोपलीत टाकून, "सुशीला मी सांगेन. ती माझं ऐकेल. बापूभावजींचं बघा तुम्ही."
पुन्हा देठ मोडायला लागली. मग खाली मान घालूनच, "अहो, मला दिवस गेलेत. सासूबाईंना अजून बोलले नाही. या खेपेला काय होईल?"
बशा पुष्कळ जोड्यांचं सांगतात, एका पोराचं सांगत नाहीत. हे तिला काय सांगायचं? म्हटलं, ठीकही होईल. बहुतेक ठीकच.
"वसंताच्या वेळीही बहुतेकच होतं ना?"
आतून वसंताने हाक मारली. ती उठली.