काकांची कूस

सोमवार, ३
नवी नोकरी, नवी खोली, आणि खोलीला चक्क खिडकी! पेशंटला घरी सोडण्याआधी घरच्यांना तयार करायचं, हे माझं काम. नळीतून भरवणं, अंग पुसणं, दर दोन तासांनी कूस बदलणं. सरावासाठी खाटेवर माणसाएवढा रबरी पुतळा आहे. सगळे त्याला काका म्हणतात. कुरकुर म्हणून नाही, असा पेशंट मिळायला भाग्य लागतं! नियम एकच. घरच्यांनी प्रत्येक गोष्ट तीनदा स्वतःच्या हातांनी करून दाखवायची, मगच फॉर्मवर माझी सही. मोठ्या सिस्टरांनी बजावलं, न बघता सही करू नकोस, काकांना त्रास होतो. मी हसले. त्या हसल्या नाहीत.

गुरुवार, ६
आज अकरा कुटुंबं. पायांचे तुकडे पडले. शेवटी बारा नंबरच्या आजोबांची लेक आली. वडिलांना अर्धांगवायू, घरात ही एकटीच. भरवणं छान जमलं तिला. कूस बदलणं राहिलं, पण खाली ॲम्ब्युलन्सवाला खोळंबला होता. जमेल मला, म्हणाली. मलाही कधी एकदा घरी जाऊन आडवी होते असं झालं होतं. केली सही.

शनिवार, ८
काकांच्या माकडहाडावर लाल चट्टा. औषध सांडलं असेल म्हणून पुसला. जात नाही.

सोमवार, १०
चट्टा तळहाताएवढा झालाय. रबर कोमट लागतंय, अंगात कणकण असावी तसं. लेकीला फोन केला. बाबांना ताप आहे, म्हणाली. उताणेच असतात, हलवलं की कळवळतात, म्हणून हात लावत नाही. असं करू नकोस म्हणून परोपरीने सांगितलं. तर म्हणाली, "तुम्ही सही केलीत ना, सिस्टर? मग चुकत नसेल माझं."
उद्या मीच येते म्हटलं. निघताना काकांना कुशीवर केलं. बघता बघता चट्टा फिका पडला.

मंगळवार, ११
सकाळीच लेकीचा फोन. ताप उतरला, बाबा शांत झोपलेत, आता येऊ नका. कूस बदललीस का, विचारलं. नाही म्हणाली. मग कोणी —
काकांना उजव्या कुशीवर केलं.

गुरुवार, १३
घरी गेलेच नाही. डावी, उजवी. दर दोन तासांनी, गजर लावून. एकदा चहाला गेले, वीस मिनिटं उशीर झाला, तर चट्ट्यातून पाणी यायला लागलं. मोठ्या सिस्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी एक उशी आणून दिली. म्हणाल्या, "मीही एका आजींच्या फॉर्मवर अशीच सही केली होती. त्या आजी सात वर्षं जगल्या."

शनिवार, १५
कंबर धरलीय. सात वर्षं. जीव मेटाकुटीला आलाय. सुटा एकदाचे, असं मनात आलं आणि — माझी मलाच लाज वाटली. डावी.

रविवार, १६
गजर ऐकूच आला नाही. उन्हं कलली. काका उताणे. हात लावला — गार. नुसतं रबर. चट्टा नाही, काही नाही.
फोन वाजतोय. लेकीचाच. घ्यायला हवा. काय सांगू तिला, सही तर माझी —