माटवीतली पुडी

नितेश,

हे तुला पाठवणार नाही, तरी लिहितोय.

एचआयव्हीच्या गोळ्यांनी पोट ढवळतं, गांजाचे दोन झुरके घेतले तरच पेज पोटात टिकते, हे मी तुला एकट्याला सांगितलं होतं. काल पोलीस आले ते सरळ माळ्यावर चढले आणि गणपतीवर फळं-पानं बांधून टांगायच्या लाकडी चौकटीच्या, म्हणजे माटवीच्या, गाठोड्यातून पुडी काढली. त्या गाठोड्याला आपण दोघेच हात लावतो. होडीचा मालक, गावातला नाखवा म्हणून मला नुसती समज देऊन सोडलं. मीही हसून चहा पाजला.

मग पडवीतून तुझा आवाज आला. आईला सांगत होतास, "तेची सवय मोडूक होयी, म्हणान मीच पोलिसांक सांगलंय."

सवय नव्हती रे, भूक होती.

चतुर्थीला माटवी चढवायला दोघं लागतात. माझं टोक मी धरीन. तुझ्याशी बोलणार मात्र नाही.

तुझा दादा,
लवू